‘प्रेझेन्स कमी पडतो’ म्हणजे नेमकं काय कमी पडतं?

मार्च-एप्रिल आले की पुण्यातल्या कंपन्यांमध्ये अप्रेझलची गडबड सुरू होते. हिंजवडीपासून खराडीपर्यंत आणि भोसरीपासून रांजणगावपर्यंत, मॅनेजरच्या पायरीवर पोचलेल्या कितीतरी माणसांना या दिवसांत एक ठरलेलं वाक्य ऐकावं लागतं : ‘तुमच्या कामाबद्दल प्रश्नच नाही, पण पुढच्या लेव्हलसाठी एक्झिक्युटिव्ह प्रेझेन्स कमी पडतो.’ सांगणारा बहुतेक वेळा मनापासून सांगत असतो. ऐकणारा मान डोलावतो, ‘हो सर, त्यावर काम करतो’ म्हणतो आणि केबिनबाहेर आल्यावर त्याला उमगत नाही की सोमवारपासून नेमकं करायचं काय. नवा ब्लेझर शिवायचा? इंग्रजी बोलण्याचा क्लास लावायचा? मीटिंगमध्ये जास्त बोलायचं की कमी?

आधी कारखान्यात आणि मग आयटीत नोकरी करताना हे वाक्य मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी ऐकलं आहे, आणि त्याने चांगल्या माणसांचं काय होतं तेही पाहिलं आहे. काही जण चिडून गप्प होतात. काही जण स्वतःला कमी समजू लागतात, आणि ते जास्त वाईट. म्हणून ठाम लिहितो. एक्झिक्युटिव्ह प्रेझेन्स, म्हणजे वरच्या पदाला शोभणारी छाप, या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टींची मोट बांधली जाते. त्यातली एक नेतृत्वाला खरोखर लागते, ती शिकता येते आणि आपल्यातल्या अनेकांनी ती न शिकण्याचा हट्ट धरला आहे. दुसरी म्हणजे ठरावीक घरांत आणि ठरावीक शाळांत वाढल्यामुळे अंगी आलेली ढब. तिचा कामाशी संबंध नाही, तरी तिच्यावर बढत्या ठरतात. कंपनी जोवर या दोन गोष्टी वेगळ्या करून लेखी सांगत नाही, तोवर हा शेरा कुणाच्याही अप्रेझलमध्ये लिहिण्याचा तिला अधिकार नसावा.

ही संकल्पना कॉर्पोरेट जगात रुजवण्यात अमेरिकेतल्या सिल्व्हिया ॲन ह्यूलेट यांचा वाटा मोठा आहे. त्यांच्या सेंटर फॉर टॅलेंट इनोव्हेशन या संस्थेने २०१२ च्या सुमारास केलेल्या सर्वेक्षणात वरिष्ठ अधिकाऱ्यांना विचारलं गेलं की या प्रेझेन्समध्ये सर्वांत महत्त्वाचं काय. ६७ टक्क्यांनी भारदस्तपणा सांगितला, म्हणजे अडचणीत डोकं शांत ठेवणं, निर्णय घेणं, वरच्याला खरं सांगण्याचं धैर्य. २८ टक्क्यांनी बोलण्याची हातोटी सांगितली. दिसणं आणि पेहराव महत्त्वाचा म्हणणारे ५ टक्के. ही उत्तरं आधीच वर पोचलेल्या लोकांची आहेत हे लक्षात ठेवायला हवं. आपण कशामुळे वर आलो याबद्दल माणूस स्वतःला बरं वाटेल तेच सांगतो. तरीही एक गोष्ट यातून उघड होते. ज्यांच्या नावाने हा शब्द आपल्याकडे आला, त्यांच्याच पाहणीत कपडे आणि दिसणं तळाला आहे. आपल्याकडे मात्र या विषयावरची दोन दिवसांची कार्यशाळा बाणेरच्या हॉटेलात भरते तेव्हा पहिलं सत्र हस्तांदोलन, उभं राहण्याची पद्धत आणि शर्टाच्या रंगावर असतं.

बोलण्याच्या हातोटीबद्दल मात्र मला सविस्तर सांगायचं आहे, कारण आपली माणसं अडतात ती तिथे.

चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यातली आढावा बैठक. गिअरबॉक्सच्या शाफ्टचा एक लॉट हार्डनेसमध्ये नापास झाला होता आणि गुरुवारी माल ग्राहकाकडे निघायचा होता. क्वालिटी मॅनेजर बोलायला उभा राहिला. डिप्लोमा करून लाइनवर लागलेला आणि तिथून वर चढत आलेला माणूस. भट्टीचा चार्ट नुसता पाहून कुठल्या झोनमध्ये गडबड आहे ते सांगणारा. त्याने सुरुवात केली : ‘सर, ॲक्च्युअली काय झालं, शनिवारी सेकंड शिफ्टला पॉवर ट्रिप झाली. तेव्हाच आपण मेंटेनन्सला सांगितलं होतं की रीस्टार्ट करताना...’ शनिवारवरून तो रविवारवर आला, रविवारवरून भट्टीचं तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलवर, थर्मोकपलवरून ते बदलण्यासाठी जानेवारीत पाठवलेल्या आणि पडून राहिलेल्या मागणीपत्रावर. प्लँट हेड मोबाइल बघू लागले. शेवटी व्यवसायप्रमुखांनी मध्येच विचारलं, ‘ते ठीक आहे, पण गुरुवारी माल जातोय की नाही?’ मॅनेजर थबकला. उत्तर त्याच्यापाशी होतं, पण त्याच्या मांडणीत ते अजून दहा वाक्यांनी यायचं होतं. शेजारी प्रोग्रॅम मॅनेजर बसला होता, मॅनेजमेंटची पदवी घेऊन अलीकडेच आलेला. तो संथपणे म्हणाला, ‘गुरुवारी नाही, शनिवारी जाईल. बाराशे नग होल्डवर आहेत. ग्राहकाला दुपारी मी फोन करतो.’ सगळ्यांचे चेहरे सैल झाले. त्याच्याकडची ही सगळी माहिती त्या क्वालिटी मॅनेजरनेच सकाळी चहाच्या वेळी त्याला दिलेली होती. पुढची बढती त्या दोघांपैकी कुणाला मिळाली ते सांगायला नको.

ही हकीकत ऐकून आपल्याकडचा कोणीही म्हणेल, ‘काम करणारा मागे राहिला, बोलणारा पुढे गेला.’ या म्हणण्यात तथ्य आहे, पण पुरतं नाही. व्यवसायप्रमुखांच्या जागी बसून पाहा. ग्राहकाची असेंब्ली लाइन बंद पडली तर तासागणिक दंड लागू शकतो. त्यांना आधी हे हवं होतं की माल केव्हा जाईल आणि त्याची हमी कोण घेतंय. क्वालिटी मॅनेजर घटना जशी घडली त्या क्रमाने सांगत होता. तपासाच्या अहवालाला तो क्रम योग्य असतो. दोषाचं मूळ शोधून ग्राहकाला पाठवायच्या एट-डी रिपोर्टमध्ये तेच लागतं. निर्णयाच्या बैठकीत क्रम उलटा लागतो. त्याच माणसाने, त्याच्याच इंग्रजीत किंवा सरळ मराठीत, एवढंच म्हटलं असतं तर? ‘सर, गुरुवारचं डिस्पॅच जाणार नाही. शनिवारी सकाळी जाईल, ती जबाबदारी माझी. बाराशे नग वेगळे काढलेत, भट्टीच्या एका झोनचं थर्मोकपल चुकीचं रीडिंग देत होतं. बाहेरच्या लॅबमधून तपासून घ्यायला आज मंजुरी हवी.’ यात कुठला ॲक्सेंट लागला? कुठला ब्लेझर?

मग तो तसं का बोलला नाही? याची दोन कारणं मला दिसतात आणि दोन्ही त्याच्या स्वभावात नाहीत. पहिलं शाळेतलं. आपण गणिताच्या पेपरात रीत दाखवून मोठे झालो. उत्तर शेवटी, चौकटीत, गुण पायऱ्यांना. पायऱ्या गाळून थेट उत्तर लिहिलं तर कॉपी केली का, असा संशय. दहा-बारा वर्षं हे अंगवळणी पडलेला माणूस साहेबांसमोरही आधी रीत दाखवतो. दुसरं कारण भीतीचं आहे. वाईट बातमी सांगणाऱ्यावरच खापर फुटतं हे त्याने कारखान्यात अनेकदा पाहिलं आहे, म्हणून तो आधी आपली बाजू भक्कम करतो आणि बातमी शेवटी ठेवतो. जानेवारीतलं मागणीपत्र त्याच्या बोलण्यात आलं ते या भीतीपोटी. त्याला आत्मविश्वासाच्या प्रशिक्षणाला पाठवण्याआधी, ‘माल जाणार नाही’ असं पहिल्याच वाक्यात म्हणणाऱ्या शेवटच्या माणसाचं आपण काय केलं, हे त्या व्यवसायप्रमुखांनी आठवून पाहायला हवं होतं.

हेच मत देण्याच्या बाबतीतही होतं. ‘ए पर्याय असा, बी पर्याय असा, तुम्ही म्हणाल तसं करू’ हे आपल्याकडे नम्रतेत मोडतं. मोठ्यांच्या मध्ये बोलू नये, ही घरची शिकवण घेऊन माणूस बोर्डरूममध्ये बसतो. पण वरच्या पदावरच्या माणसाला पगार मत देण्यासाठी मिळतो. दोन पर्याय मांडून गप्प बसणं म्हणजे आपलं काम दुसऱ्याच्या गळ्यात टाकणं. ‘मी असतो तर बी निवडला असता, आणि फसलं तर त्याचं उत्तर मी देईन’ असं म्हणायला उद्धटपणा लागत नाही, गृहपाठ लागतो.

आणि गृहपाठाबाबत पुण्याला कुणी बाहेरून येऊन शिकवावं अशी वेळ येऊ नये. १८९७ साली गोपाळ कृष्ण गोखले वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला लंडनला गेले तेव्हा ते तिशीत होते. फर्ग्युसन कॉलेजातले प्राध्यापक. समोर हिंदुस्थानच्या कारभारावरच्या खर्चाचा हिशेब तपासायला बसलेले ब्रिटिश अधिकारी आणि खासदार. गोखल्यांच्या मागे सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकासाठी केलेलं वर्षानुवर्षांचं काम होतं, न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखालची उमेदवारी होती आणि गणेश व्यंकटेश जोशी यांच्यासारख्या आकडेशास्त्राच्या अभ्यासकाची मदत होती. उलटतपासणीत त्यांना हलवता आलं नाही, कारण प्रत्येक विधानामागे आकडा होता. पुढे २६ मार्च १९०२ रोजी त्यांनी कलकत्त्यात केंद्रीय कायदेमंडळात अर्थसंकल्पावर पहिलं भाषण केलं. सरकार शिलकीचं कौतुक करत होतं. लोक दुष्काळाने पिचलेले असताना ही शिल्लक म्हणजे त्यांच्यावर गरजेपेक्षा जास्त कर लादल्याचा पुरावा आहे, हे गोखल्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवलं. पुढच्याच वर्षी मिठावरचा कर कमी झाला.

याच गोखल्यांच्या आयुष्यातला १८९७ चा दुसरा प्रसंग मला या विषयात अधिक मोलाचा वाटतो. प्लेगच्या बंदोबस्तातल्या गोऱ्या सोल्जरांनी पुण्यातल्या स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोप त्यांनी इंग्लंडमध्ये जाहीरपणे केला होता, पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर. परत आल्यावर पुरावा द्यायला कुणी पुढे येईना. गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली. पुण्यात त्यांची नालस्ती झाली, भ्याड म्हणून. आजच्या कुठल्याही प्रशिक्षकाला विचारलं तर तो म्हणेल की यानंतर माणसाचा प्रेझेन्स संपला. पण १८९९ साली ते मुंबई कायदेमंडळावर निवडून गेले आणि तीन वर्षांत कलकत्त्याच्या सभागृहात पोचले. जे सिद्ध करता येत नाही ते मी म्हणणार नाही, ही त्यांची ओळख त्या माफीने पुसली नाही, उलट पक्की झाली असं माझं मत आहे. भारदस्तपणा म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

मराठी मध्यमवर्गाने मात्र गोखल्यांकडून अभ्यास तेवढा घेतला आणि मांडणी सोडून दिली. ‘आपलं काम बोलतं’ हे वाक्य आपण अभिमानाने मुलांना शिकवतो. मला ते आता घातक वाटतं. शंभर माणसांच्या कारखान्यात मालक रोज शॉपफ्लोअरवर फेरी मारत असे तेव्हा काम खरंच बोलत असेल. आज निर्णय घेणारा माणूस बंगळुरूत, सिंगापुरात किंवा स्टुटगार्टमध्ये बसलेला असतो आणि आपलं सहा महिन्यांचं काम त्याच्यापुढे अर्ध्या तासाच्या कॉलमध्ये, एका स्लाइडवर येतं. ती स्लाइड दुसरा कोणी मांडणार असेल तर काम त्याच्या नावाने बोलतं. आपलं आणि आपल्या टीमचं काम नीट मांडणं ही फुशारकी नव्हे. ज्या मुलांनी आपल्या हाताखाली रात्री जागवल्या त्यांची नावं वरपर्यंत पोचवणं हे तर आपलं कर्तव्यच आहे, आणि ज्याला स्वतःबद्दल बोलायचा संकोच वाटतो त्याने निदान त्यांच्यासाठी तोंड उघडावं.

शिकायचं ते हे. आणि हे शिकवणारे फार थोडे आहेत. बाजारात जे विकलं जातं त्यातलं बरंचसं पोकळ आहे. ‘संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, बाकी आवाज आणि देहबोली’ हे वाक्य पुण्यातल्या जवळजवळ प्रत्येक सॉफ्ट स्किल्सच्या वर्गात फळ्यावर लिहिलं जातं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांचे १९६७ चे ते प्रयोग सुट्या शब्दांतून आवड-नावड कशी पोचते एवढ्यापुरते होते. सर्व प्रकारच्या संवादाला ते लागू नाहीत, हे खुद्द मेहराबियन यांनी स्पष्ट केलेलं आहे. हातपाय पसरून रुबाबात दोन मिनिटं बसलं-उभं राहिलं की शरीरातली संप्रेरकं बदलतात आणि माणूस निडर होतो, असा २०१० चा एक प्रयोग फार गाजला. संप्रेरकांवरचा तो परिणाम पुढे मोठ्या चाचणीत मिळाला नाही, आणि मूळ शोधनिबंधाच्या पहिल्या लेखिका डाना कार्नी यांनी २०१६ मध्ये, आपला यावर विश्वास उरलेला नाही, असं जाहीर केलं. तरी वर्ग चालू आहेत. कोकणातून, मराठवाड्यातून आलेल्या मुलांकडून यासाठी पैसे घेतले जातात याचा मला संताप येतो.

आता दुसरी गोष्ट, ढबीची. इथे पुण्याने आधी स्वतःकडे पाहावं. सोलापूर, लातूर, नांदेडहून फर्ग्युसनला किंवा इंजिनिअरिंगसाठी सीओईपीला आलेल्या मुलाच्या ‘न’ आणि ‘ण’वर हसणारं हे शहर आहे. बोलीवरून अक्कल मोजायची सवय आपल्याला कॉर्पोरेट जगाने लावलेली नाही. ती पेठांत आधीपासून होती. हॉस्टेलवर ज्याच्या मराठीवर हसले, त्याच्याच इंग्रजीवर पंधरा वर्षांनी कॉन्फरन्स रूममध्ये भुवया उंचावतात. आणि गंमत सोडून गंभीरपणे सांगायचं तर, ज्यांनी तेव्हा त्याच्यावर हसून घेतलं तेही इंग्रजीच्या त्या खोलीत तितकेच अवघडलेले असतात.

या अवघडलेपणाचा कामावर परिणाम होतो, कारण माणूस एका वेळी दोन कामं करू लागतो : मुद्दा मांडायचा आणि व्याकरण सांभाळायचं. प्रश्न आला की उत्तराआधी भाषांतर. त्या दोन सेकंदांच्या थांबण्याला समोरचा ‘खात्री नाही’ असं वाचतो. जर्मन इंजिनिअर तुटक इंग्रजीत बोलला तर आपण त्याला ‘किती नेमकं बोलतो’ म्हणतो. बार्शीचा इंजिनिअर तसंच बोलला तर कम्युनिकेशन सुधारा म्हणतो. हा भेद आपल्याच माणसांनी आपल्याच माणसांशी केलेला मी पाहिला आहे.

चेहरा आणि आवाज यांना आपण किती सहज फसतो यावर पुष्कळ अभ्यास झाला आहे. तेव्हा प्रिन्स्टन विद्यापीठात असलेले मानसशास्त्रज्ञ ॲलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी २००५ मध्ये लोकांना अमेरिकेतल्या सिनेट उमेदवारांचे अनोळखी चेहरे दाखवून विचारलं, यातला कर्तबगार कोण वाटतो. तेवढ्यावरून साधारण ७० टक्के लढतींचे निकाल जुळले. २०१३ मध्ये अमेरिकी कंपन्यांच्या ७९२ पुरुष सीईओंच्या आवाजांचा अभ्यास झाला. खर्जातला आवाज असलेले अधिक मोठ्या कंपन्या चालवत होते आणि अधिक पगार घेत होते. खर्जामुळे कंपनी चांगली चालते असं यातून कुठेच सिद्ध होत नाही. एवढंच दिसतं की निवडणारे कशाला भुलतात. मार्गारेट थॅचर यांना पंतप्रधानपदाच्या वाटेवर आपला आवाज खाली आणण्याची तालीम घ्यावी लागली होती.

पुण्यातल्या बायकांची कोंडी तर दोन्ही बाजूंनी होते. शांतपणे बोलली तर प्रेझेन्स नाही, ठामपणे बोलली तर ‘मॅडम जरा ॲग्रेसिव्ह आहेत’. एकाच अप्रेझल फॉर्मवर, एकाच वर्षी, दोन वेगळ्या वरिष्ठांनी हे दोन शेरे मारलेले मी वाचले आहेत. त्या बाईने सोमवारपासून काय करावं अशी अपेक्षा होती?

बॉयलर बनवणाऱ्या थर्मॅक्स या इथल्याच कंपनीच्या अनु आगा यांची गोष्ट या संदर्भात पुण्याने नीट आठवायला हवी. फेब्रुवारी १९९६ मध्ये पती रोहिंटन आगा गेले आणि त्या कंपनीच्या अध्यक्ष झाल्या. तोवर त्या मनुष्यबळ विभाग पाहत होत्या, शिक्षण समाजकार्यातलं. या पदाला आपण पुरे पडू असं वाटत नव्हतं, हे त्यांनी स्वतः अनेकदा जाहीरपणे सांगितलं आहे. पुढची काही वर्षं कंपनीला वाईट गेली. मग त्यांनी बाहेरचे सल्लागार आणले, संचालक मंडळाची फेररचना केली, कंपनीचा मूळ धंदा कोणता आणि सोडून द्यायचं काय हे ठरवलं, आणि कंपनी सावरली. २००४ मध्ये त्या पायउतार झाल्या तेव्हा त्यांच्याकडे सगळं शहर आदराने पाहत होतं. आधी छाप आणि मग निर्णय, असा क्रम इथे नव्हता. निर्णय घेत गेल्या, आणि छाप मागाहून आली.

पण या गोष्टीतला एक भाग आपण सहसा गाळतो. त्यांना वेळ मिळाला. कंपनी कुटुंबाची होती. सुरुवातीच्या चाचपडण्याच्या काळात ‘प्रेझेन्स नाही’ म्हणून त्यांना कुणी बाजूला करू शकत नव्हतं. चाकणच्या क्वालिटी मॅनेजरला अशी चार वर्षं कोण देतं? त्याचा निकाल तीन मिनिटांत लागतो. खुर्ची मिळाल्यावर माणूस त्या खुर्चीजोगा होतो, हे आपण मालकांच्या मुलांबाबत मान्य करतो आणि नोकरदारांकडून मात्र आधी खुर्चीजोगं दिसण्याची अपेक्षा ठेवतो.

म्हणून जबाबदारीचा मोठा हिस्सा मी कंपन्यांवर टाकतो. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये बसलेल्या मुलांना विचारा : केंद्रीय लोकसेवा आयोगाची मुलाखत एकूण २०२५ पैकी २७५ गुणांची असते आणि तिथे काय तपासणार हे आयोग जाहिरातीतच छापतो. मानसिक सावधपणा, मुद्देसूद मांडणी, निर्णयातला समतोल, नेतृत्व, सचोटी. मुख्य परीक्षा मराठीतून देणाऱ्याला मुलाखतही मराठीतून देता येते. त्या मुलाखतीतही पूर्वग्रह शिरत असतील. पण मोजणार काय हे आधी सांगण्याचा प्रामाणिकपणा तिथे आहे. खासगी कंपनीत चाळिशीतल्या माणसाचं पुढचं आयुष्य एका मोघम शब्दावर ठरतं आणि त्या शब्दाची व्याख्या एच.आर.च्या कुठल्याही कागदावर सापडत नाही.

बैठकीची रीत बदलली तरी पुष्कळ फरक पडेल. ॲमेझॉनने २००४ मध्ये वरिष्ठांच्या बैठकीतून पॉवरपॉइंट हद्दपार केलं. तिथे आधी सगळे शांत बसून लेखी टिपण वाचतात आणि मग चर्चा होते. बोलण्यात अडखळणाऱ्या पण विचारात पक्क्या असलेल्या माणसाला हा केवढा आधार आहे. लष्करी कोर्ट-मार्शलमध्ये सदस्यांची मतं सर्वांत कनिष्ठापासून घेतात, म्हणजे वरिष्ठाचं मत ऐकून कुणी आपलं बदलू नये. सदर्न कमांडचं मुख्यालय असलेल्या शहरात ही पद्धत कंपन्यांना परकी वाटायचं कारण नाही. आढावा बैठकीत प्लँट हेड सर्वांत शेवटी बोलले तर मधल्या फळीचा प्रेझेन्स एका महिन्यात वाढलेला दिसेल, कुठल्याही कार्यशाळेशिवाय.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे ग्राहक. ‘आम्हाला चालेल हो, पण परदेशी क्लायंटसमोर तसा माणूस लागतो.’ मी अनेक परदेशी क्लायंट जवळून पाहिले आहेत. प्रॉडक्शन सर्व्हर रात्री दोनला कोसळतो तेव्हा ते उच्चार ऐकत नाहीत. सिस्टीम केव्हा सुरू होईल आणि हे सांगणाऱ्याच्या हातात खरंच काही आहे का, एवढं ऐकतात. ज्याला उत्तर माहीत आहे त्याला कॉलवर म्यूट करून दुसऱ्याने गोड इंग्रजीत वेळ मारून नेली की क्लायंटला ते कळतं. क्लायंटच्या नावावर खपवली जाणारी आवड पुष्कळदा आपल्याच वरिष्ठांची असते. आणि समजा एखाद्या पदाला सफाईदार इंग्रजी खरोखर लागतच असेल, तर तसं पदाच्या वर्णनात लिहा, शिकायला वर्षभराची मुदत द्या, खर्च कंपनीतर्फे करा आणि मग परीक्षा घ्या. भाषा शिकता येते. ‘तुझ्यात ते काहीतरी नाही’ हे ऐकून काहीच शिकता येत नाही.

या एप्रिलमध्ये ज्यांच्या वाट्याला हा शेरा येईल त्यांनी मान डोलावून बाहेर येऊ नये. विचारावं : कोणत्या बैठकीत, कोणत्या मुद्द्यावर, मी काय म्हणायला हवं होतं जे म्हटलं नाही? उत्तर मिळालं तर ते मनापासून घ्यावं. त्यात बहुधा क्रमाचं, ठामपणाचं किंवा तयारीचं काहीतरी खरं निघेल आणि ते सहा महिन्यांत सुधारता येतं. वरिष्ठाला एकही प्रसंग आठवला नाही, तर तो शेरा फॉर्मवरून खोडला गेला पाहिजे आणि त्याच्या आधारे बढती रोखता येता कामा नये. असा नियम करायला कुठला कायदा लागत नाही. पुण्यातली कोणतीही कंपनी तो येत्या अप्रेझलपासून लागू करू शकते, आणि तो आधी लागू करणाऱ्या कंपनीला शेजारच्या कंपनीत अडकून पडलेली गुणी माणसं आपसूक मिळतील.